चार नंबरचं टेबल

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

आई पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची, टण टण, आणि आपण असू तिथून ताटावर हजर व्हायचो. (तू आधी, मी कवितेचं कडवं संपवून.) आज दिवसभर तोच आवाज कानात घोळतोय. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. खाण्यापिण्यासाठी उत्तम शहरांत म्हणे आमचं शहर. खाली तुझ्या अक्षरात, 'मग तू असा वाळत का चाललास?' आक्का, या उत्तमपणानेच थकलो गं. जेवायला रांग, बसायला रांग, आणि ताट आलं की आधी त्याचा फोटो.

तरी तुझ्या कात्रणाचा मान राखावा म्हणून त्यातल्या पहिल्या नंबरच्या हॉटेलात मंगळवारी दुपारी गेलो. तिथल्या मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थाखाली दोन-दोन ओळी. मंद आच काय, पानांची कूस काय. शाळेत गुरुजींनी लावलेली खोड तुला ठाऊकच आहे, ओळी दिसल्या की मला चाल सुचते. बोटांनी टेबलावर ठेका धरून अख्खं पान म्हणून टाकलं. शेजारचा वेटर खाली मान घालून तल्लीन झालाय असं वाटलं. तो लिहून घेत होता. आठ पदार्थ आले. परत पाठवायची लाज वाटली, म्हणून आठही खाल्ले. (कविता फार लांबली की काय होतं, ते सत्तरीत कळलं.)

संध्याकाळी सवयीने कोपऱ्यावरच्या खानावळीत चार नंबरच्या टेबलाशी बसलो. तुझी भावजय गेल्यापासून सहा वर्षं तिथला एकच वाढपी मला वाढतो. मी त्याला फौजदार म्हणतो. मिशा तशा, नजरही तशी. त्याने माझा न शिवलेला भात पाहिला आणि विचारलं,

"बाहेर जेवून आलात?"

मी म्हटलं, भूक नाही. त्यावर त्याने सगळ्या खानावळीला ऐकवलं की आजोबांना आता आपलं रुचत नाही. मी ताडकन उठलो. (ताडकन म्हणजे टेबलाला धरून.) आज शुक्रवार. तेव्हापासून तिकडे फिरकलो नाही. दूध आणि बिस्किटं चालू आहेत.

'माझ्याकडे राहायला ये' म्हणून सहा वर्षं मागे लागलीस, तेव्हा तू जिंकलीस. रविवारी भाच्याला टेम्पो घेऊन पाठव. खोली सोडतो, कायमचा तुझ्याकडे येतो.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्याकडे आठच्या ठोक्याला जेवण मिळतं ना? फौजदार मिनिटभर उशीर करत नाही.

ता. क. तुझ्या सूनबाईला सांगून ठेव, मला मीठ कमी लागतं आणि पोळी अर्धी-अर्धी करून वाढलेली आवडते. फौजदाराला हे कधी सांगावं लागलं नाही, पण ती बिचारी नवीन.

ता. क. दार वाजतंय. हाताने नाही, डब्यावर चमचा आपटून, टण टण. उघडून आलो. फौजदार उभा आहे, तीन जिने चढून धापा टाकत. म्हणतो, "तीन दिवस चार नंबरला कुणाला बसू दिलं नाही. आधी जेवा, मग रुसा."

आक्का, टेम्पो नको. भाच्याला नुसताच पाठव, जेवायला. कात्रण परत पाठवतोय, त्यात याचं नाव नाही.