रजेचं खरं कारण

मूर्तिजापूर,
१५ जानेवारी १९६४

प्रिय ललिता,

तुझं कार्ड मिळालं. मी वेळेवर जेवतो. शेजारच्या वच्छलाबाई दोन्ही वेळा भाकरी पाठवतात, तेव्हा काळजी करू नकोस. तुझी आई गेल्याला परवा महिना झाला. घरात जो काही आवाज होता तो तिचाच होता, हे आता कळतं.

तेरवीच्या दिवशीचं एक मनातून जात नाही. धारणीहून तुझे पुंजाजीमामा आले. आल्या आल्या त्यांनी वच्छलाबाईंच्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हेच काय आमच्या बाईची नात? नाक पाहा नं, अस्सल आमच्या घरचं हाये!" आपली खरी नात, तुझी मैना, तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मग मैनेनं मला हळूच विचारलं, हे आजोबा कोण?

तुझी आई दर जानेवारीत माहेरी जायची. उन्हाळ्याच्या सुटीत तिकडे पाणी आटलेलं, पावसाळ्यात रस्ता बंद, दिवाळीत मामांकडे कापसाची वेचणी. शेतात हरभऱ्याचा हुळा भाजायचे दिवस तेवढेच जाण्यासारखे. दर वर्षी ती विचारायची, "ललीले नेऊ काय?" आणि दर वर्षी मी नाही म्हणायचो. मास्तरची पोरगीच शाळा बुडवायला लागली तर इतरांना कोणत्या तोंडानं सांगू? "तुमची शाळा काई पळून नाई जाऊन राहिली, मास्तर," म्हणत ती एकटीच पिशवी उचलायची. तापाचा अर्ज घेऊन आलेली पोरं मी ओठांवरून पकडायचो. हुळा खाल्ला की ओठ काळे होतात. त्यांना बाकावर उभं करायचो, वर्ग हसायचा. तुला मात्र पाच वर्षं पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं.

गेल्या वर्षी तिनं मैनेला नेऊ का, असं तुला माझ्याकडून लिहवून घेतलं. हजेरी मोडेल, परीक्षेनंतर पाहू, असं तू कळवलंस. ते मीच तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि चुलीकडे वळली. तुला दोष देत नाही. वाक्य तुझं होतं, पण शिकवलेलं माझं.

म्हणून हे पत्र. मी रविवारी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला येतो आणि सोमवारी मैनेला घेऊन धारणीला जातो. जावईबापूंना सांग, विचारायला नाही, न्यायला येतो आहे. शनिवारी परत येऊ. सव्वीस जानेवारीला ती झेंड्यापुढे हजर असेल. बुडालेली गणितं वाटेत मोटारीत करून घेईन. रजेचा अर्ज लिहून सोबत पाठवला आहे, तू फक्त सही कर. त्यात ताप नाही. 'आजीच्या माहेरची माणसं ओळखीची व्हावीत म्हणून' असं लिहिलं आहे. मामा येताना हुळा बांधून देतीलच, तो ती वर्गात नेईल. तिच्या बाईंनी बाकावर उभं केलं तर करू दे. मी तिला सांगून ठेवणार आहे, ओठ पुसायचे नाहीत.

तुझाच,
बाबा