डबड्यातला आवाज

सापगाव,
सोमवार, २ नोव्हेंबर २००९

चि. श्वेता हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ई-मेल असली तरी वर जयभीम घातल्याशिवाय मला पुढचं सुचत नाय, हसू नकोस. इकडे सर्व ठीक. भात झोडून झालं, पेंढा रचायचा राहिलाय. आईचा गुडघा दुखतोय, तरी खळ्यावर जाते. ऐकते कोणाचं?

आता मुद्द्याचं. काल मी मुरबाडला वत्सलामावशीकडे आलो, तेव्हा तू न् मावशी बाजारात गेलात तेवढ्यात तुझ्या लॅपटॉपवर एक काम केलंय. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा तुझा जो प्रोग्राम, त्याचा तो डबड्यातला आवाज मला कधीच सहन झाला नाय. मागच्या महिन्यात तू घरी आलीस, तेव्हा आईनेही तो ऐकला आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसत बसली. पोरगी परगावी दिवसभर बोलते कोणाशी, तर त्या मेल्या डबड्याशी, असं म्हणाली. मला ते लागलं गो.

म्हणून शहापूरला सायबर कॅफे चालवणाऱ्या माझ्या मित्राकडून, मुकेशकडून, नव्या आवाजांची सीडी आणली. एक साहेबी इंग्रजी बोलणारा पुरुष, आणि एक हिंदी बाई. बाई मराठीही वाचते, जरा हिंदी वळणाने, पण अगदी रेडिओवरच्यासारखी गोड. तीच लावून ठेवली न् जुना आवाज काढून टाकला. तुला मुद्दाम सांगितलं नाय, म्हटलं गंमत.

येत्या सोमवारी तुमच्या पतसंस्थेच्या संचालकांची बैठक, त्यात तुला कायम करायचं की नाय ते ठरणार. त्याआधी हे झालं, बरं झालं. बाई कशी वाटली ते कळव. लोभ आहे तो वाढता असू दे.

तुझा दादा,
धम्मपाल


मुरबाड,
बुधवार, ४ नोव्हेंबर २००९

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझी गंमत माझ्या अंगाशी आलीय.

दादा, तो जुना आवाज मी किती वेगात चालवते ते तुला ठाऊक आहे का? शाळेपासून कानांना त्याची सवय आहे. तुला जी टिणटिण वाटते त्यात मला प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. तुझी बाई गोड आहे, नाय कशाला म्हणू. पण वेग वाढवला की शब्द गिळते, आणि कमी केला की प्रत्येक वाक्याला दम खाते. हे एवढं पत्र लिहून तपासायला माझी सगळी दुपारची सुट्टी गेली.

काल मॅनेजर साहेबांनी मागच्या बैठकीचा वृत्तान्त तपासायला दिला. एरवी मी चहाच्या आत उरकते. काल जेवायची वेळ झाली तरी मी दुसऱ्याच पानावर. शेवटी त्यांनी ते काम शेजारच्या टेबलावरच्या रेश्माकडे दिलं, आणि अगदी मायेने म्हणाले, जमत नसेल तर सांग, वाईट वाटून घेऊ नकोस. ओरडले असते तर चाललं असतं रे. हे मायेचं ऐकून मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. आंधळी मुलगी घेऊन बघू, असं संचालकांना त्यांनीच पटवलं होतं. आता सोमवारी ते काय सांगतील?

मला दिसत नाय म्हणून तुला वाईट वाटतं, ते मला कळतं. पण माझं पोट कानांवर आहे, आणि तू न विचारता माझे कानच बदललेस. तुझ्या चष्म्याच्या काचा मी दिसायला छान म्हणून बदलल्या असत्या तर?

जुन्या आवाजाची सीडी शनिवारच्या आत पाठव. तू येऊ नकोस. मी माझी घालून घेईन. आईला यातलं काही सांगू नकोस.

रागावलेली,
श्वेता


सापगाव,
गुरुवार, ५ नोव्हेंबर २००९

चि. श्वेतास,
जयभीम.

सीडी मुरबाडच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलीय, मावशीने स्टँडवर जाऊन घ्यावी.

मुकेशकडे बसून जुना आवाज तुझ्या वेगात लावून बघितला. डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, तरी एक शब्द कळेल तर शपथ. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं नुसतं तडतड. मुकेश हसत सुटला. मला मात्र हसू आलं नाय.

आईला सांगितलं. तुझा शब्द मोडला म्हण, पण तिने चेहऱ्यावरून ओळखलंच. तुझी बाजू घेऊन मला झाडलं. म्हणाली, माझी पळी कोणी जागची हलवली तर मी घर डोक्यावर घेते, तिने का घेऊ नये?

चुकलो गो. सोमवारी मी यायला नको ना? बाहेरच उभा राहीन.

धम्मपाल


मुरबाड,
मंगळवार, १० नोव्हेंबर २००९

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आला नाहीस ते फार बरं केलंस. बाहेर उभा राहून तू मलाच घाबरवलं असतंस.

सीडी घातली, एकटीने. तुझ्याच बाईने स्क्रीनवरचं एकेक वाचून दाखवलं न् मी बटणं दाबत गेले. म्हणजे नवीला हाताशी धरूनच जुन्याला घरात घेतलं.

बैठकीत मॅनेजर साहेबांनी मागच्या मंगळवारचं सगळं सरळ सांगून टाकलं. मग मी म्हटलं, त्या दिवशी माझ्या लॅपटॉपचा आवाज बदललेला होता, आणि कोणी का बदलला तेही सांगितलं. भावाने प्रेमाने केलं म्हटल्यावर सगळे हसले. एक संचालक म्हणाले, आम्हालाही ऐकव. इअरफोन काढून ऐकवलं, तर मशीन बिघडलंय का, असं विचारू लागले. मी म्हटलं, नाय साहेब, हे असंच असतं, आणि त्यांनी लॅपटॉपवर उघडून दिलेल्या अर्जात काय लिहिलंय ते सांगितलं. एक डिसेंबरपासून मला कायम केलंय. आईला आधी सांग, मग बाकी गावाला.

तुझी बाई मी काढून टाकलेली नाय. संध्याकाळी ती वत्सलामावशीला इंटरनेटवरचा पेपर वाचून दाखवते. मावशीला अक्षरओळख नाय, आजवर कोणी तिला पेपर वाचून दाखवला नव्हता. आता चूल विझवून समोर येऊन बसते आणि बाईला बाई म्हणूनच हाक मारते.

तुझं गुरुवारचं पत्र आधी मी बाईच्याच आवाजात लावलं. तिने तुझं 'चुकलो गो' इतकं गोड करून म्हटलं की मला परकंच कोणी बोलतंय असं वाटलं. मग जुना आवाज लावला. तो स्वतःचं काही म्हणजे काही मिसळत नाय, ना गोडवा, ना राग. म्हणून त्यात तूच ऐकू आलास. आईही आली, पळी घेऊन. आईला सांग, मी दिवसभर डबड्याशी बोलत नाय. त्यातून मला तुमीच ऐकू येता.

लोभ आहेच. यापुढे विचारत मात्र जा.

तुझी,
श्वेता