फॉर्म आत फुकट मिळतो

प्रिय ठकू,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. तू विचारलं होतंस ना, इन्कम टॅक्सचा फॉर्म मिळतो तरी कुठे? पालकाने भरलेल्या फॉर्मची प्रत दिली नाही तर फीची सवलत जाईल आणि कॉलेजातून नाव कमी होईल, असं लिहिलं होतंस. तर ऐक. फॉर्म ऑफिसच्या आत मिळतो, जिन्याखालच्या खिडकीत, आणि चक्क फुकट! हे मला या वयात कळलं, आणि माझा नवरा त्याच ऑफिसच्या फाटकाशी टेबल टाकून जन्मभर फॉर्म विकत बसलाय! तुझ्या बाबांना मी आजवर ‘अहो’ म्हणत आले. या पत्रात ‘तो’ म्हणणार आहे, कानांना सवय करून घे.

आतून फुकट उचललेला गठ्ठा तो फाटकाशी विकायचा आणि कुणाला आत जाऊ द्यायचा नाही. मागे एका पेन्शनर मास्तरांनी हट्ट धरला, मी आतच जाणार म्हणून. याने त्यांची मान धरून तोंड भिंतीवर आपटलं. त्याच्या शर्टावरचे रक्ताचे डाग मीच काढले. तेव्हापासून अख्खं गाव मुकाट त्याच्याकडून फॉर्म घेतं. तुझ्यासाठी मी त्याच्यापुढे हात जोडले, तर म्हणाला, पुरे झालं शिक्षण, पोरीला घरी बोलाव. मी पुन्हा विषय काढला तेव्हा पाण्याचा तांब्या फेकून मारला. भुवईवर टाके पडले. तुला कळवलं नाही, परीक्षा होती तुझी.

मग मीही ठरवलं, बघतेच आता. तो चहाला उठला तशी मी पदर खोचून आत शिरले. खिडकीतल्या क्लार्कने किती आदराने बसवलं म्हणून सांगू! त्याने विचारलं, वहिनी, काम काय करता? इतकी वर्षं नवरा माझ्या नावापुढे ‘उत्पन्न नाही’ लिहायचा आणि माझ्या पडद्यांच्या दुकानाची कमाई स्वतःच्या नावावर दाखवायचा. मी सांगितलं, पडदे शिवते, घरातलं दुकान माझं, मशिनी माझ्या, शिवणारी मीच. सगळं रीतसर लिहून झालं, शिक्का बसला. प्रत घरी नेलीच नाही, शेजारच्या पोस्टातून थेट तुझ्या कॉलेजला रजिस्टर केली. येताना मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत उगाचच एका परक्या बाईकडे बघून हसले.

पण तो क्लार्क! मनाने चांगला, तोंडाने फाटका. संध्याकाळी फाटकाशी येऊन त्याने याची सगळ्यांसमोर थट्टा केली, की घरच्यांनाही फॉर्म मिळत नाही का हो तुमच्याकडे, वहिनींना आत यावं लागलं. झालं! सगळे खो खो हसले. तो घरी आला आणि त्याने आतून कडी लावली. आधी एक मशीन उचलून जमिनीवर आदळली. मग माझा उजवा हात कापायच्या टेबलावर दाबला आणि लाकडी गजाने मारत सुटला. ज्या हाताने सही केलीस तो हाच ना, असं विचारत मारत होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ठकू. मग त्याने केस धरून डोकं खाली दाबलं, तेव्हा डाव्या हाताला इस्त्री लागली. पडद्यांवर फिरवत होते, तापलेलीच होती. मी ती त्याच्या खांद्यावर दाबली आणि तो सोडेपर्यंत दाबूनच धरली. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. पलीकडच्या घरातल्या नर्सबाई शेजाऱ्यांना घेऊन दार तोडून आल्या तेव्हा तो कोपऱ्यात कण्हत होता आणि मी इस्त्री धरून उभी होते.

पोलिसांनी त्याला नेलं. माझ्या हाताला प्लास्टर घातलंय. क्लार्क येऊन रडून गेला, उलट मलाच त्याची समजूत काढावी लागली. राहिलेली मशीन चालते, कालपासून डाव्या हाताने शिवायला बसलेय. शिवण वाकडी जाते आणि मी स्वतःलाच शिव्या घालते.

आता मुद्द्याचं. उद्या तो जामिनावर सुटतोय. पोलिसांच्या जीपमध्ये चढताना माझ्याकडे बघून म्हणाला, पोरीला उचलून आणतो, मग बघतो कोण शिकतं ते. तो आधी तुझ्याकडेच येईल. गोड बोलेल, रडेलसुद्धा, आई अंथरुणाला खिळलीय म्हणेल. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता नर्सबाईंच्या हाती देतेय. त्या वॉर्डनबाईंशीही बोलतील आणि तुझ्याजवळ राहतील. माझ्या बाळा, तो आई मेली म्हणाला तरी त्याच्याबरोबर होस्टेलच्या दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. मी मरत नाही.

तुझीच,
धडधाकट आई