आज सोमवार सोड

आई,

तू पूजेला बसली होतीस म्हणून हाक मारली नाही. सकाळची ड्यूटी आहे, निघते. आजचा सोमवार धरू नकोस. पोळ्या डब्यात आहेत, आमटी तेवढी गरम कर आणि गोळी जेवूनच घे.

मागच्या सोमवारी तुला जिन्यात चक्कर आली, तेव्हा मी म्हटलं, "पुरे झाले आता उपास." तू म्हणालीस, "तुझा संसार पुन्हा जुळेपर्यंत नाही सोडायची." मी तुला केळं सोलून दिलं.

आई, घटस्फोटाच्या कागदांवर सही करून मला चार महिने झाले. दर आठवड्याला सांगायचं ठरवायचे, पण तुझा चेहरा पाहिला की तोंडाला कुलूप बसायचं. माझ्या खोटेपणापायी तू उपाशी राहिलीस, हे मला आता सोसत नाही.

संध्याकाळी आले की काय बोलायचं ते बोल. पण एक आताच सांगते. तू महादेवाला बेल वाहायचीस, तेव्हा तुझ्या मागे हात जोडून उभी राहून मी त्याला म्हणायचे, "देवा, आईचं ऐकू नकोस."

तुझी,
धाकटी