खिसा चाचपायची सवय

ताई,

धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. लाँड्रीतलं काम आता अंगवळणी पडलंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, झबली शिवायची घाई नको.

पुढचं तुझ्यापुरतंच ठेव. मूल का राहत नाही म्हणून मी तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संबंधांतून लागणारा संसर्ग आहे. दुखत-खुपत काही नाही, पण आतल्या आत गर्भनळ्या बुजू शकतात. औषधाने संसर्ग जातो, मात्र दोघांनी घ्यायला हवं, नाहीतर परत लागतो. मी माझ्या गोळ्या संपवल्या. हे म्हणाले, "माझ्याही संपल्या." केवढा धीर आला होता गं!

आमच्या लाँड्रीत मशीन लावण्याआधी प्रत्येक खिसा चाचपतात. आज घरी ह्यांचा शर्ट धुवायला घेताना सवयीने हात खिशात गेला. गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं.

मी ते तिथेच ठेवलं आणि शर्ट न धुताच परत खुंटीला लावला. जेवताना सहज विचारलं, "गोळ्या घेतल्या ना?" हे हसले. "कितीदा सांगू?"

मी भांडले, तर हे उलट मलाच विचारतील, हे दुखणं आणलं कुणी. नाही भांडले, तर... आत्ता हे अंथरूण घालतायत आणि मला हाक मारतायत. तुझं उत्तर येईपर्यंत रोज काय सबब सांगू, ताई?

तुझीच,
धाकटी