बाटली छातीच्या खाली

४ डिसेंबर
हॉस्पिटलच्या ॲडमिशन फॉर्मवर मृदुलाने व्यवसायापुढे 'चष्म्याचं दुकान' लिहिलं. मुलगी घाईत, मला १०३ ताप, म्हणून सोडून दिलं. दुरुस्ती इथे करतो. या हातांनी केलेलं: दुर्बिणीचे आरसे, सहा इंची अकरा, आठ इंची चार, दहा इंची एक. त्यांच्या नळ्या, लाकडी बैठका. काच घासायचं टेबल. आरशातली चूक दाखवणारं उपकरण, ब्लेड आणि बल्ब यांतून जमवलेलं. बारा इंची अर्धा घासून घरी पडून आहे. शिक्षण अकरावी. शिकवणारा कोणी नाही.
न्यूमोनिया. डावी बाजू.

७ डिसें.
ताप हटत नाही. दुसरं अँटिबायोटिक. फुप्फुसाच्या बाहेर, बरगड्यांच्या आत पाणी साठलंय म्हणाले. सुई घातली. पाणी नव्हतं, पू. हे फार थोड्यांना होतं म्हणे. सु. म्हणाली, "तुमचं काही चारचौघांसारखं असतं का कधी!" लग्नाला एकतीस वर्षं झाली, अजून आश्चर्य वाटतं तिला.
दुपारी बरगड्यांमधून नळी. दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. आतलं बाहेर येतं, बाहेरची हवा आत जात नाही. श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली. ज्याने हे शोधलं त्याला काम कळत होतं.

९ डिसें.
चूक. माझी. लिहिलीच पाहिजे.
बाटलीवरचा आकडा उभ्याने, वरून वाचला की चुकतो. नजर रेषेच्या समोर हवी. सिस्टर उभ्यानेच वाचतात, ३५० लिहितात. पटेना. बाटली उचलून डोळ्यांसमोर धरली. ३३५ होतं. मी बरोबर होतो. तेवढ्यात बाटलीतलं पाणी नळीतून उलटं माझ्याकडे चढायला लागलं.
सिस्टर दारातून ओरडल्या, "काका, आरती चाललीय का? खाली ठेवा आधी!"
छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं. ती घाण परत आत गेली असती तर.
संध्याकाळी सर्जन डॉ. अ. आल्या. चाळिशीच्या आतल्या बाई. एवढंच म्हणाल्या, "बाटली छातीच्या खाली. कायम." माझ्या टेबलाशी कोणी असं केलं असतं तर मी त्याला पुन्हा उंबरा चढू दिला नसता.

१० डिसें.
आता सु. फरशीवर मांडी घालून, चष्मा लावून वाचते. "चाळीस वाढलं." मी: रेषेवर की रेषेखाली? "अहो, पू आहे तो, केशर नाही." तरी पुन्हा वाकून बघितलं तिने. अडतीस.
पू पातळ करायचं औषध नळीतून सोडताहेत. तीन दिवस बघणार.

१३ डिसें.
औषधाने काही झालं नाही. कालपासून बाटलीत दहा मिलीसुद्धा नाही, ताप मात्र आहे. सीटी केला. डॉ. अ.नी स्क्रीन वळवून दाखवला. पू घट्ट होऊन फुप्फुसावर त्याची साल धरलीय. आत फुप्फुस मुठीएवढं आवळलेलं.
"जाडी?"
"चार ते पाच मिलिमीटर."
"वाट पाहिली तर?"
"साल आणखी चिवट होईल. फुप्फुस आहे तेवढंच राहील. जिना चढताना धाप, जड काम बंद."
जड काम बंद म्हणजे बारा इंची बंद. तो दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन घासावा लागतो, तासन्‌तास.
सु.ने मंडईतून संत्री आणली होती. तिने दोन सोलून ठेवली.

१४ डिसें.
मृदुला: "बाबा, सेकंड ओपिनियन घेऊ या ना." घे म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.
डॉ. अ.ना विचारलं, साल मशीनने काढणार का? म्हणाल्या, दुर्बिणीतून सुरुवात करू (त्यांचीही दुर्बीण!), नाही जमलं तर छाती उघडून. "पण साल शेवटी हातानेच सोलायची. कडेपासून, थोडी थोडी. फुप्फुस फाटता कामा नये."
हाताने म्हणाल्या. सही केली.

१७ डिसें.
काल झालं. उघडावी लागली. साडेचार तास. दोन नळ्या. लिहिताना डावा हात

१८ डिसें.
कालचं वाक्य राहिलं. हात उचलवत नाही, एवढंच होतं.

२१ डिसें.
साल निघाली, पण सोलल्या जागेतून फुप्फुस गळतंय. खोकलं की बाटलीत बुडबुडे. आज एका खोकल्याला नऊ. थांबले नाहीत तर पुन्हा ऑपरेशनला आत जावं लागेल. डॉ. अ. म्हणतात, फुगवत राहा, फुप्फुस बरगडीला टेकलं की भोक बुजतं. तीन चेंडूंचं खेळणं दिलंय, श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. तासाला दहा वेळा सांगितलं. मी पंधरा करतो. पहिला चेंडू वर. दुसरा जागचा हलतो.

२४ डिसें.
चार बुडबुडे. सु. फरशीवरून मोजते.

२६ डिसें.
एक.

२८ डिसें.
शून्य. सिस्टरना तीनदा खोकून दाखवलं. "बास काका, विश्वास आहे."

३१ डिसें.
नळ्या निघाल्या. घरी. शनिवार पेठ, दुसरा मजला, चौतीस पायऱ्या, मधे दोनदा थांबलो. सु. मागे होती, तिला वाटलं मला कळलं नाही.

१२ जानेवारी
एक्स-रे. डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा अजून उघडलेला नाही. डॉ. अ.: "उघडेल. कदाचित नाही उघडणार. सहा आठवड्यांनी बघू." खोटं बोलत नाहीत, हे बरं.

१८ जाने.
बारा इंचीवरचं फडकं काढलं. टेबलाशी उभा राहिलो. अकरा हात मारले, बसलो. पूर्वी वीस मिनिटं सलग घासायचो. सु. स्वयंपाकघरातून: "झालं का? की बाटली मागवू परत?"

१९ जाने.
चौदा.

२३ जाने.
एकोणीस. दुसरा चेंडू वर जाऊन टिकला. तिसरा नाही.
दुपारी हिंजवडीकडच्या एका शाळेचे ट्रस्टी आले. शाळेला मोठी दुर्बीण हवी, माझ्या आजारपणाचं कळलं होतं. म्हणाले, काच आहे तशी द्या, उरलेलं यंत्रावर घासून घेऊ, खाली नाव तुमचंच कोरू. गृहस्थ सभ्य होते. मृदुला फोनवर: "बाबा, प्रॅक्टिकल व्हा ना जरा." सु. चहाचे कप उचलून आत गेली.
माझ्या नावाखाली यंत्राचं काम जाणार नाही. नाही म्हटलं. दोन लाख ऐंशी हजारांना.