पानगळ बघायला निघालेल्या बायका

आई, आपल्या घरातल्या बायकांची एक तक्रार आहे. तू ती कधी बोलली नाहीस, तुझी आईही बोलली नसेल, म्हणून मी बोलते. आपण जन्मभर चालत आलो, पण उगाच चालायची मुभा आपल्याला कुणी दिली नाही. पाण्याला चाललो, सरपणाला चाललो, मोहफुलांना आणि तेंदूच्या पानांना चाललो. जंगल आपल्याइतकं कुणी तुडवलं नाही आणि आपल्याइतकं कमी कुणी पाहिलं नाही. चैत्रातली एक सकाळ मला आठवते. आपण मोहफुलं वेचायला निघालोय. तू पुढे, ताई मध्ये, मी मागे. नाल्याच्या काठावर कुसुंबाला नवी पालवी फुटलीय, लालभडक, आणि मी मान वर करून थांबलेय. ‘काय पाह्यतं वो?’ तू ओरडतेस. ‘झाड पाहून पोट भरते का? ढोरं फुलं खाऊन टाकतीन, चाल लवकर!’ मी चालू लागते. पण पुढच्या वळणावर तूही मान वळवून त्या झाडाकडे बघितलंस. एकदाच, चोरून. आपल्याच रानातलं झाड चोरून बघावं लागतं, याचा मला आजही संताप येतो. पुढे मी पुष्कळ वाचलं, व्यासपीठं गाजवली, लोक म्हणतात बाईंच्या बोलण्यात जाळ आहे. तो जाळ त्या वळणावरचा आहे.

ताई माझ्याकडे इथे ओमानात, मस्कतला आली. तू गेल्यावर तिनेच मला शिकवलं, स्वतःची शाळा सोडून, हे तुला सांगायला नको. किती वर्षं मागे लागले तेव्हा कुठे या ऑक्टोबरात विमानात बसली. अल् खुवैरमधलं माझं घर तिने दाराशीच पाहून घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली, ती तिथून बाहेर येईना. मी ऑफिसातून यावं तर भाकऱ्या झालेल्या, ओटा पुसलेला, पडदे धुतलेले. ‘ताई, तू पाहुणी आहेस गं.’ ‘पाहुणी दोन दिवसाची. मंग काय हात बांधून बसू?’ धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात मी बोलले, विश्रांती ही कुणी द्यायची भीक नाही, कष्टकऱ्याचा हक्क आहे, असं. टाळ्या पडल्या. घरी येताना गाडीत ताई म्हणाली, ‘बोलली चांगलं तू. पन सभा उठल्यावर खुर्च्या कोनं उचलल्या?’ उत्तरही तिनेच दिलं. ‘म्या, अन् त्या दोन पोरींनं. हक्क तिथंच पडून होता, खुर्चीखाली.’

तेव्हाच मी ठरवलं, ही परत जाण्याआधी हिला एक दिवस असा द्यायचा, ज्यात काहीच काम नाही. गावी गेली की पुन्हा चूल, नातवंडं, कोंबड्या आणि उन्हाळ्यात पानांचं रान. मग तिला कोण थांबवणार? इथे जबल अखदर डोंगरावर नोव्हेंबरात डाळिंबाची आणि अक्रोडाची पानं पिवळी पडतात आणि लोक खास ती बघत पायवाटांनी हिंडतात. माझ्या मुलीने मोबाइलवर फोटो दाखवले. ताईला हसू आवरेना. ‘पानं गळतेत ते पाहाले जाते? आपल्याकडं झाडून काढते वो माय!’

शुक्रवारी सकाळी निघालो. डोंगराच्या पायथ्याशी पोलीस फक्त फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या वर सोडतात, तशी आमच्याकडे नाही, म्हणून माझ्या ऑफिसातले रत्नागिरीकडचे एक सहकारी त्यांची गाडी घेऊन आले. वर हवा गार होती. वादी बनी हबीब नावाच्या दरीत पायऱ्या उतरून खाली गेलं की ओढ्याच्या कोरड्या पात्राच्या कडेने वाट जाते. वरच्या कड्यावर ओस पडलेली मातीची घरं, खाली डाळिंबाच्या बागा आणि मध्येमध्ये जुने अक्रोड. पानं हळदीच्या रंगाची झाली होती. वारा आला की ती एकदम सुटायची आणि दगडांवर सरकत जायची. मी वळून बघते तर ताई मागेच थांबून खाली वाकलेली. चांगली, न फाटलेली पानं निवडत होती, देठाला देठ लावून उलटी रचत होती, आणि कुठलीशी साल काढून पुडा बांधत होती. तेंदूचा बांधतात तसाच. कमरेला खोचलेल्या ओच्यात आधीचे पुडे होते.

‘ताई, टाक ते.’

‘काहून? चांगली आहेत.’

‘अगं, ही कुणी विकत घेत नाही!’

‘मले मालूम आहे. हाताले काही पाह्यजे ना.’

मग माझा तोल गेला. त्या दरीत उभी राहून मी बोलू लागले. पिढ्यान् पिढ्या आपल्याला राबवणाऱ्यांनी आपल्या हातांनाही फितवून ठेवलंय, आता मुकादम नाही तरी हात त्याचंच ऐकतात, असं काय काय. आवाज कड्यावर आपटून परत येत होता. ‘मॅडम,’ सहकारी हळूच म्हणाले, ‘इथे माइक नाही हो.’ माझी मुलगी फिस्कन हसली. ताई हसली नाही. तिने ओचा सोडला, पुडे खाली पडू दिले आणि विचारलं, ‘बरं, बसतो. पन बसून करू काय, तेवढं सांग.’

आई, इतकी पुस्तकं मी वाचली आणि उत्तर माझ्या मुलीने दिलं, तिच्या अडखळत्या मराठीत. ‘मावशी, काही नाही करायचं. फक्त... बस. माझ्या बाजूला.’ अक्रोडाखाली चादर अंथरली. ताई आधी परक्या घरी बसल्यासारखी ताठ बसली. मग खोडाला टेकली. मग चपला काढल्या. मी डबे घेऊन आले तोवर तिला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, पदरावर पिवळी पानं. दिवसाउजेडी झोपलेली ताई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तुला दिवसा आडवी झालेली मी एकदाच पाहिली, आणि तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

ऊन कड्यावर चढलं तसे सहकारी आले. ‘यल्ला मॅडम, निघायला हवं. उतार वाईट आहे, अंधार नको.’ मुलीने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, क्षणभर उभे राहिले आणि दगडावर टेकले. ‘झोपू दे त्यांना. उतरू सावकाश, इन्शाल्ला.’ ताई आपण होऊन जागी झाली, आकाशाकडे पाहून दचकली, ‘बाप्पा, सांज झाली! उठवलं काहून नाही?’ म्हणाली, आणि मग स्वतःशीच हसली.

परवा तिचं विमान आहे. हे पत्र तिच्या बॅगेत घालावं असं मनात होतं. नाही घालत. कारण यात एक गोष्ट आहे ती तिला कळायला नको. ती झोपली होती तेवढा सगळा वेळ मी उभी होते. बाकीच्यांना वाढलं, डबे सोबतच्या पाण्याने धुतले, पुसले, लोकांनी टाकलेल्या बाटल्या गोळा केल्या, चादरीची मोकळी टोकं दोनदा सारखी केली. हक्काची भाषणं देणारी तुझी मुलगी तिच्याशेजारी टेकू शकली नाही. मला ते अजून शिकायचंय. तू मात्र माझ्यासाठी थांबू नकोस, आई. पाय लांब कर आणि बस.